सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीखाली ऑइलचा डाग दिसला, तर पुढे काय करायचं?

संध्याकाळी गॅरेजमधून गाडी घरी आणली. बिलावर 'इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, लेबर' असं लिहिलेलं. सकाळी पार्किंगमध्ये जाऊन बघता, तर गाडीखाली हाताच्या पंजाएवढा चकाकणारा डाग. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. ऑफिसला उशीर होत असतो, म्हणून गाडी काढतात आणि 'संध्याकाळी येताना गॅरेजवाल्याला दाखवू' असं ठरवून टाकतात.

नेमकी हीच गोष्ट करायची नाही.

ऑइल बदलताना झालेली चूक बहुतेक वेळा स्वस्तात सुटते. कुठे एक वॉशर बदलायचा असतो, कुठे एक रबर रिंग, कुठे जास्त झालेलं ऑइल काढायचं असतं. महागात पडतात ते चूक दिसल्यानंतर चालवलेले किलोमीटर. इंजिनाचं खरं नुकसान तिथे होतं आणि पुढे भरपाई मागायला गेलात की गॅरेजवाला बोट ठेवतो तेही तिथेच. "गळत होतं हे दिसलं होतं ना, मग चालवली कशाला?" या प्रश्नाला नंतर चांगलं उत्तर सापडत नाही.

त्यामुळे गाडी वाचवणं आणि आपली बाजू भक्कम ठेवणं, या दोन्हींची सुरुवात एकाच कामापासून होते. इंजिन बंद ठेवायचं.

थोडंसं गळलं तर एवढं काय बिघडतं?

इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना जवळजवळ टेकत नाहीत. मध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि पंप तो सतत टिकवून ठेवतो. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो, उष्णता वाढते आणि काही मिनिटांत बेअरिंग किंवा पिस्टन जाम होऊ शकतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन सीज होतं.

आता प्रमाण बघा. लहान पेट्रोल कारमध्ये साधारण तीन ते चार लिटर ऑइल असतं. ११० सीसीच्या स्कूटरमध्ये पाऊण लिटरच्याही आतच. म्हणजे तीनशे मिलिलिटर गळलं तर कार कदाचित निभावून नेईल, स्कूटरमधलं मात्र जवळपास निम्मं ऑइल रस्त्यावर गेलेलं असेल. त्यात बहुतांश साध्या बाइक आणि स्कूटरना ऑइलचा इशारा देणारा दिवाच नसतो. बाइकचं इंजिन वेगात असताना सीज झालं तर मागचं चाक लॉक होऊ शकतं. गळणारं ऑइल मागच्या टायरवर आलं तर वळणावर गाडी घसरते. 'बघू संध्याकाळी' म्हणताना पणाला फक्त इंजिन लागलेलं नसतं.

कारवाल्यांना दिवा असतो, पण त्या दिव्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. डॅशबोर्डवरचा तो लाल, किटलीसारखा दिसणारा दिवा सहसा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो पेटला याचा अर्थ 'ऑइल कमी होत आलंय, जमेल तेव्हा भरा' असा नसतो. इंजिनाच्या भागांपर्यंत ऑइल पुरेशा दाबाने पोहोचत नाहीये, आत्ता, या क्षणाला, असा असतो. पेट्रोलचा दिवा लागल्यावर आपण पुढच्या पंपापर्यंत जातो, तसं इथे करायचं नाही. सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. विमा कंपन्या आणि कार कंपन्याही टोइंगची सोय देतात, फक्त ती तुमच्या पॉलिसीत आहे का हे आधी बघून ठेवलेलं बरं.

चूक नेमकी कुठे होते?

सगळ्यात जास्त त्रास देतो तो इंजिनाच्या तळाशी असलेला ड्रेन बोल्ट. हा बोल्ट काढला की जुनं ऑइल खाली येतं. बोल्ट लोखंडी असतो आणि तो ज्या भागात बसतो, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट चेंबर म्हणतात, तो अनेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम मऊ असतं. बोल्ट किती ताकदीने आवळायचा याचा आकडा कंपनीने दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पान्हा मिळतो. पण घाईत हवेवर चालणारी गन लावली किंवा लांब दांड्याच्या पान्ह्याने जोर काढला की आटे जातात. गंमत अशी की आटे गेले हे त्या दिवशी कळेलच असं नाही. बोल्ट कसाबसा बसतो, गाडी घरी येते आणि गळती दुसऱ्या दिवशी किंवा थेट पुढच्या सर्व्हिसिंगला समोर येते. मग दोन गॅरेज एकमेकांकडे बोट दाखवतात.

आटे गेल्यावर सीलंट फासून किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट परत लावणं हा जुगाड आहे. नीट दुरुस्ती म्हणजे आतमध्ये नवे आटे बसवणं किंवा तो भागच बदलणं. गॅरेजवाला 'टेप लावून देतो, काही होत नाही' म्हणाला, तर 'मग पुढच्या वेळी बोल्ट काढताना काय होईल?' एवढं विचारा.

दुसरा प्रकार कारच्या डबीसारख्या गोल फिल्टरचा. जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. ती लक्षात आली नाही आणि वरून नवा फिल्टर आवळला, की एकावर एक दोन रिंगा बसतात. सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. मग दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि ऑइल ठिबकत नाही, धारेने बाहेर येतं. तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर धूर होतो, आगीचाही धोका असतो.

स्कूटरमध्ये वेगळाच घोळ होऊ शकतो. तिथे इंजिन ऑइल वेगळं आणि मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं. दोघांचे बोल्ट वेगळे. नवशिक्या हाताने चुकीचा बोल्ट उघडला, तर गिअर ऑइल निघून जातं आणि इंजिनात जुन्या ऑइलवर नवं ओतलं जातं. एक बाजू कोरडी, दुसरी तुडुंब.

तुडुंब भरल्याने काय होतं, असं अनेकांना वाटतं. जास्त आहे म्हणजे चांगलंच ना? तसं नाही. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये आपटतो, ताक घुसळल्यासारखा फेस होतो आणि पंप ऑइलसोबत हवाही ओढायला लागतो. फेसाचा थर धातूला वेगळं ठेवू शकत नाही. शिवाय जास्तीचं ऑइल सीलमधून बाहेर येतं किंवा ब्रीदरच्या पाइपातून एअर फिल्टरमध्ये शिरतं. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपेक्षा एखादी रेघ वर असेल तर घाबरायचं कारण नाही. बोटभर वर असेल तर गाडी सुरू न करता ते काढून घ्यायचं.

आणि चुकीच्या ग्रेडचं काय? १०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० हे आकडे ऑइल थंडीत आणि गरम झाल्यावर किती पातळ राहतं ते सांगतात. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. कंपनीने सांगितल्यापेक्षा एखादा आकडा वेगळा पडला म्हणून इंजिन त्याच दिवशी बसत नाही, पण दोन ठिकाणी चूक महाग पडते. बाइकमध्ये क्लचही बहुधा इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून तिथे जासो एमए किंवा एमए-२ हा शिक्का बघतात. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतलं की क्लच घसरायला लागतो. इंजिन ओरडतं, गाडी उचलत नाही. दुसरं ठिकाण म्हणजे बीएस-६ डिझेल गाड्या. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्यासाठी कमी राख सोडणारं ऑइल लागतं. साधं ऑइल वापरत राहिलं तर तो महागडा फिल्टर हळूहळू चोंदतो.

गॅरेजवर आरोप करण्याआधी हे बघा

'ऑइल काळं दिसतंय, म्हणजे बदललंच नाही' हा दावा डिझेल गाडीच्या बाबतीत टिकत नाही. काजळी मिसळून नवं ऑइलही काही किलोमीटरमध्ये काळं पडतं. पेट्रोल गाडीत दुसऱ्याच दिवशी डांबरासारखं काळं ऑइल दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे, पण तोही एकट्याने पुरावा ठरत नाही. त्यापेक्षा फिल्टर बघा. बिलात नवा फिल्टर लावलाय आणि गाडीवरचा फिल्टर धुळीने माखलेला, गंजलेला असेल, तर तो फोटो रंगाच्या वादापेक्षा जास्त बोलतो.

डिपस्टिकचंही तसंच. गाडी उतारावर उभी असेल, स्कूटर साइड स्टँडवर असेल किंवा इंजिन नुकतंच बंद केलं असेल, तर पातळी चुकीची दिसते. होंडाच्या स्कूटरमध्ये पुसलेली डिपस्टिक नुसती टेकवून बघायची असते, आटे फिरवून आत घट्ट बसवायची नसते. काही गाड्यांत नेमकं उलटं असतं. त्यामुळे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका काढा आणि तिच्यात सांगितल्याप्रमाणेच मोजा. डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत आणखी एक गोष्ट घडते. फक्त शहरातल्या शहरात गाडी फिरत असेल तर काजळी जाळण्याच्या प्रक्रियेत थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी आपोआप वाढते. सर्व्हिसिंगला चार महिने झाल्यावर दिसलेली जास्तीची पातळी ही गॅरेजचीच चूक असेल असं नाही.

राहिला गाडीखालचा डाग. एसीचं पाणी रंगहीन असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी आणि चिकटसर, इंजिन ऑइल तपकिरी-काळं आणि बोटांना बुळबुळीत. पांढरा कागद खाली सरकवला की पाच मिनिटांत कळतं. फिल्टर बदलताना चेसिसवर सांडलेलं थोडं ऑइलही पहिल्या दिवशी ठिबकतं. ते पुसून घेतल्यावर थांबतं. पुसल्यानंतरही नवा थेंब तयार होत असेल तर ती गळती आहे.

चूक पक्की दिसली, आता?

पुसाताशी सुरू करण्याआधी फोन काढा. गाडीची नंबर प्लेट, खालचा डाग आणि गळणारी जागा एकाच सलग व्हिडिओत घ्या. मग मीटरवरचं किलोमीटरचं वाचन, डिपस्टिक, बिल आणि जॉबकार्ड. मीटरचं वाचन सगळ्यात महत्त्वाचं, कारण गॅरेजच्या जॉबकार्डवरचा आकडा आणि आजचा आकडा यांतला फरक सांगतो की गाडी किती चालली. हा फरक जितका कमी, तितकी तुमची बाजू मजबूत. मूळ फाइल फोनमधून काढून टाकू नका. व्हॉट्सॲपवर पुढे गेलेली प्रत ही मूळ फाइल नसते.

त्यानंतर मेकॅनिकला घरी बोलवा. गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे असलं तरी बोल्ट सैल झालेली गाडी चालवत नेऊ नका. बाइक ढकलत किंवा टेम्पोत जाते, कार टोइंगवर.

पुढे दोन रस्ते आहेत. इंजिनातून कुठलाही वेगळा आवाज आलेला नाही, दिवा पेटलेला नाही, ऑइल थोडंच कमी झालंय, तर ज्याने चूक केली त्यालाच ती सुधारायला देणं सोयीचं आणि रास्त आहे. वॉशर किंवा फिल्टर बदलून, ऑइल पुन्हा भरून, इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटं गळती बघायची. त्याने हे फुकट करून द्यायला हवं आणि बहुतेक जण देतातही. काम झाल्यावर जॉबकार्डवर 'ड्रेन बोल्टमधून गळती, वॉशर बदलला' अशी एक ओळ आणि तारीख लिहून घ्या.

पण दिवा पेटला होता, इंजिनातून टकटक आवाज येतोय, इंजिन बंद पडलं किंवा जाम झालं, तर त्याच गॅरेजला लगेच इंजिन उघडू देऊ नका. एकदा इंजिन उघडलं, भाग इकडचे तिकडे झाले की नुकसान कशामुळे झालं हे सिद्ध करणं अवघड होतं. आधी दुसऱ्या, शक्यतो अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. ऑइल किती निघालं, बोल्टची आणि आट्यांची स्थिती काय, फिल्टर कापून बघितल्यावर आत धातूचा चुरा आहे का, हे त्यात यायला हवं. इंजिन उघडायच्या दिवसाची आणि वेळेची लेखी सूचना पहिल्या गॅरेजला द्या आणि हजर राहायला सांगा. आले नाहीत तर ते त्यांच्यावर. काढलेले भाग भंगारात जाऊ देऊ नका, पिशवीत घालून जपून ठेवा.

या दोन्हींच्या मधला प्रकार सर्वात फसवा असतो. दिवा पेटला, तुम्ही थांबलात, ऑइल भरलं आणि इंजिन छान चालायला लागलं. गॅरेजवाला म्हणतो, 'बघा, काही झालं नाही.' खरंच झालं नसेल. पण बेअरिंगला बसलेला ओरखडा दोन-तीन महिन्यांनी आवाज करायला लागतो. अशा वेळी गेज लावून ऑइलचा दाब मोजून घ्या, काही शे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलून त्यात चुरा आहे का ते बघा आणि या तपासण्यांचा खर्च गॅरेजकडे मागा. 'काम समाधानकारक, पुढे कोणतीही तक्रार नाही' असं छापलेल्या कागदावर सही करायला सांगितली, तर त्या ओळीवर रेघ मारून 'गळती दुरुस्त केली, इंजिनाच्या नुकसानीबाबत हक्क राखून' असं लिहा आणि मगच सही करा.

'नेहमीचा माणूस आहे, त्याला काय नोटीस पाठवायची?'

आपल्याकडे खरी अडचण कायद्याची कमी, संकोचाची जास्त असते. गॅरेजवाला दहा वर्षं ओळखीचा असतो. रात्री गाडी बंद पडली तर तोच येतो. त्याला लेखी तक्रार द्यायची म्हणजे संबंध तोडल्यासारखं वाटतं. म्हणून सगळं फोनवर बोललं जातं, तो 'बघतो साहेब' म्हणतो आणि तीन आठवड्यांनी कोणी काय कबूल केलं होतं ते दोघांनाही आठवत नाही.

लेखी म्हणजे वकिलाचीच नोटीस असं नाही. व्हॉट्सॲपवरचा एक साधा मेसेजही चालतो. उदाहरणार्थ:

"नमस्कार दादा. काल, अमुक तारखेला, गाडी नंबर अमुक तुमच्याकडे ऑइल बदलायला दिली होती. एवढे रुपये यूपीआयने दिले. घेताना मीटर इतके किलोमीटर होता, आज इतका आहे. सकाळी गाडीखाली ऑइल सांडलेलं दिसलं आणि डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेच्याही खाली आहे. फोटो, व्हिडिओ सोबत पाठवतोय. गाडी बंद ठेवली आहे, चालवणार नाही. आज माणूस पाठवून बघून घ्या आणि गळती कशाने झाली ते इथेच कळवा."

यात एकही कडवट शब्द नाही. तरी काम, पैसे, किलोमीटर, दोष आणि गाडी बंद ठेवल्याची गोष्ट, सगळं तारखेनिशी नोंदलं गेलं. त्यावर 'माणूस पाठवतो, बोल्ट ढिला राहिला असेल' असं उत्तर आलं, तर ते जपून ठेवा.

बिल मिळालं नसेल तर? यूपीआयचा व्यवहार आणि हा मेसेज बऱ्यापैकी कामी येतात. शिवाय बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

प्रकरण मिटलं नाही तर कायदा काय म्हणतो?

पैसे घेऊन केलेल्या कामात कसूर झाली तर २०१९च्या कायद्याच्या भाषेत ती 'सेवेतील त्रुटी' असते. पहिली पायरी म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पाठवून मध्यस्थी करते. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाबत तिचा उपयोग होण्याची शक्यता जास्त, कोपऱ्यावरच्या गॅरेजबाबत कमी. कंपनीचं सेंटर असेल तर तिथल्या सर्व्हिस मॅनेजरसोबत कंपनीच्या ग्राहक विभागालाही मेल करा. डीलर आणि कंपनी हे वेगळे असतात आणि डीलरला कंपनीची विचारणा सहसा जड जाते.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे ऑइल बदलण्याच्या तक्रारीला ती लागणारच नाही. वकील सक्तीचा नाही. महाराष्ट्रात मराठीत तक्रार देता येते. ऑनलाइन दाखल करायची तर १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. आणि जुन्या कायद्यात नसलेली एक सोय आता आहे. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सर्व्हिसिंग पुण्यात झालं आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

पण आयोगात गेलं की आपोआप न्याय मिळतो असं नाही. सेवेत त्रुटी होती हे दाखवण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणून तर तो मीटरचा फोटो आणि तपासणी अहवाल. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्येही एक महत्त्वाची गोष्ट आहे. नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हे बघितलं जातं. लाल दिवा पेटल्यावर तुम्ही वीस किलोमीटर गाडी हाकली असेल, तर त्या वीस किलोमीटरचा हिशेब मागितला जाणार.

गॅरेजच्या भिंतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी असते, जॉबकार्डच्या मागे बारीक अक्षरात तेच छापलेलं असतं. त्याने घाबरून जाऊ नका. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलच्या पार्किंगमधून चोरीला गेलेल्या कारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्हटलं की, गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा अटीमागे लपून टाळता येत नाही. प्रकरण चोरीचं आणि हॉटेलचं होतं, पण गाडी ताब्यात घेणाऱ्याने काळजी घ्यायलाच हवी, हे त्यामागचं तत्त्व गॅरेजशी वाद घालताना मांडता येतं.

'फ्री सर्व्हिस होती, तक्रार कसली' असंही ऐकायला मिळेल. पूर्णपणे मोफत सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही हे खरं. पण नव्या गाडीच्या फ्री सर्व्हिसमध्ये लेबर मोफत असतं, ऑइल आणि फिल्टरचे पैसे बिलात असतातच. आणि ते मोफत लेबरही गाडीच्या किमतीतच धरलेलं होतं, असा मुद्दा मांडता येतो.

विमा आणि वॉरंटी

विम्याकडून फार आशा ठेवू नका. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. चेंबरला दगड लागून झालेली गळती आणि मेकॅनिकने बोल्ट सैल ठेवल्याने झालेली गळती, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या धरल्या जाऊ शकतात.

वॉरंटीतली गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेली म्हणून संपूर्ण वॉरंटी गेली, असं सेंटरवाले पटकन सांगतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात अशी सरसकट अट घालू नये असं म्हटलं होतं. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली. व्यवहारात मात्र बाहेरच्या गॅरेजच्या चुकीने इंजिन गेलं तर कंपनी ते वॉरंटीत घेणार नाही, हे गृहीत धरा.

भरपाईत काय काय मागता येतं?

फक्त ऑइलचे पैसे परत घेऊन गप्प बसायची गरज नाही. चुकलेल्या कामाचं बिल, टोइंग, तपासणीचा खर्च, इंजिन दुरुस्ती आणि मधल्या दिवसांचा प्रवासखर्च, या सगळ्याच्या पावत्या जोडता येतात. रिक्षा स्वतः चालवून घर चालवणारा किंवा स्वतःच्या बाइकवर डिलिव्हरी करणारा यांना 'तुम्ही धंद्यासाठी गाडी वापरता, तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून परत पाठवलं जातं. ते चूक आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी केलेला वापर कायद्याने 'व्यावसायिक' धरलेला नाही. अशा माणसाची गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये पडली तर आठ दिवसांची कमाई बुडते आणि तीही मागता येते. त्यासाठी आधीच्या एक-दोन महिन्यांची ॲपवरची कमाईची नोंद किंवा बँकेचं स्टेटमेंट जोडा. रिक्षावाल्यांकडे अशी नोंद बहुधा नसते. त्यांनी यूपीआयवर आलेल्या भाड्याचे व्यवहार आणि सीएनजीच्या पावत्या जोडल्या, तर गाडी रोज रस्त्यावर होती एवढं तरी त्यातून दिसतं.